मुलांच्या सेंट्रल लाइनला बुरशी लागते तेव्हा

ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीच्या) एका जरी बाटलीत यीस्ट (एकपेशी बुरशी) आलं, तरी ते 'कन्टॅमिनेशन असेल, पुन्हा पाठवू' म्हणून सोडायचं नसतं. कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जंतू कल्चरमध्ये उगाच डोकावतात, कॅन्डिडा हा यीस्टचा प्रकार तसा येत नाही. नमुना लाइनमधून घेतलेला असो की हाताच्या शिरेतून, सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) असलेल्या मुलाच्या रक्तात कॅन्डिडा सापडला की त्याच तासाला दोन कामं सुरू व्हायला हवीत: अँटिफंगलचा (बुरशीविरोधी औषधाचा) पहिला डोस, आणि लाइन काढायची की नाही याचा निर्णय. पहिलं काम बहुतेक ठिकाणी वेळेवर होतं. दुसरं रेंगाळतं. 'आज डोस देऊ, उद्या ताप बघू, परवा ठरवू' असं करत तीन-चार दिवस जातात, आणि तेवढ्या वेळात बुरशी डोळ्यात, मूत्रपिंडात किंवा हृदयाच्या झडपेवर जाऊन बसू शकते.

हे लिहितोय ते पीआयसीयू (मुलांचा अतिदक्षता विभाग), एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आणि नर्सिंग स्टाफसाठी. डोस दिले आहेत, पण प्रत्येक डोस आपल्या मुलाचं वजन, यकृत, मूत्रपिंड आणि चालू औषधं बघून वरिष्ठांकडून व फार्मसिस्टकडून तपासून घ्यायचा आहे.

मूळ अडचण नळीच्या आतल्या भिंतीवर असते. कॅन्डिडा सिलिकॉनला आणि पॉलियुरेथेनला चिकटतो, एक-दोन दिवसांत त्याच्याभोवती बुळबुळीत थर जमतो, आणि पाण्याच्या टाकीच्या कडेला धरलेल्या शेवाळासारखा तो नुसत्या प्रवाहाने निघत नाही. या बायोफिल्ममधल्या पेशींवर फ्लुकोनाझोलचा जवळपास काही परिणाम होत नाही. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन ही इकायनोकँडिन गटातली औषधं आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन यांचा होतो, पण नळी जागेवर असेपर्यंत 'आता साफ झालं' अशी खात्री कुठलंच औषध देत नाही. म्हणूनच रिपोर्टवर 'फ्लुकोनाझोल सेन्सिटिव्ह' असतानाही कल्चर पॉझिटिव्हच येत राहतं. लॅबमधली ती तपासणी द्रवात सुट्या तरंगणाऱ्या पेशींवर केलेली असते, नळीवर बसलेल्या पेशींवर नाही.

त्यात टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण) चालू असेल तर बुरशीला आयतं खाद्य मिळतं. कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस तर याबाबतीत कुप्रसिद्ध आहे: हा प्रकार काम करणाऱ्यांच्या हातांवर राहतो, ग्लुकोज आणि लिपिडच्या सान्निध्यात नळीवर छान पसरतो, आणि कमी वजनाच्या नवजात बाळांत वारंवार सापडतो. रिपोर्टमध्ये पॅराप्सिलोसिस आला की लाइनवरचा संशय आणखी पक्का धरावा.

नमुना घेताना

लाइनच्या प्रत्येक ल्यूमेनमधून (नळीतल्या स्वतंत्र पोकळीतून) एक आणि बाहेरच्या शिरेतून एक, असे नमुने एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात घ्या आणि बाटलीवर कुठला नमुना कुठला ते स्पष्ट लिहा. 'सीव्हीसी' (सेंट्रल लाइन) एवढंच लिहिलं तर तीन ल्यूमेनच्या लाइनमध्ये नंतर काहीच कळत नाही. नमुना घेण्याआधी नीडललेस कनेक्टर (नळीच्या तोंडावरचा बिनसुईचा जोड) बदला, नाहीतर कनेक्टरमधलीच वाढ बाटलीत जाते. ल्यूमेनमधलं पहिलं रक्त फेकू नका, कल्चरसाठी तेच हवं असतं.

रक्त किती घेतलं यावर बरंच अवलंबून असतं. एक किलोपर्यंतच्या बाळाचे एकूण २ मिली, दोन किलोपर्यंत ४ मिली, त्यापुढे साधारण १२ किलोपर्यंत ६ मिली, हा धरून चालण्यासारखा हिशेब आहे. अर्ध्या मिलीवर पाठवलेल्या कल्चरचा निगेटिव्ह रिपोर्ट फारसा कामाचा नसतो. पुरेसं रक्त घेऊनही खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गात जवळपास निम्म्या वेळा कल्चरमध्ये काही उगवत नाही. त्यामुळे लाइन आहे, टीपीएन चालू आहे, दोन-तीन अँटिबायोटिक्स होऊन गेलीत, प्लेटलेट घसरतायत आणि ताप उतरत नाही, अशा मुलात पॉझिटिव्ह रिपोर्टची वाट बघत बसू नये.

लाइनमधलं कल्चर बाहेरच्या शिरेतल्या कल्चरपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झालं तर संसर्ग लाइनचा, हा नियम बॅक्टेरियासाठी चांगला चालतो. कॅन्डिडा सावकाश वाढतो, त्याची ग्लॅब्राटा ही जात तर फारच सावकाश. इथे हा फरक पुरावा म्हणून जमेस धरा, पण तो दोन तासांचा नाही म्हणून लाइनला निर्दोष ठरवू नका.

'बडिंग यीस्ट' म्हणजे कॅन्डिडाच, असंही गृहीत धरू नये. ट्रायकोस्पोरॉन, रोडोटोरुला आणि क्रिप्टोकोकस ही सगळी यीस्टच आहेत आणि इकायनोकँडिन त्यांच्यावर चालत नाही. मॅलासेझियाचं तर वेगळंच: त्याला वाढायला चरबी लागते. लिपिड चालू असलेल्या बाळात संशय आला तर लॅबला आधी सांगावं लागतं, म्हणजे ते प्लेटवर ऑलिव्ह ऑइलचा थर देऊन वाढवून बघतात. मॅलासेझिया निघाला तर लिपिड बंद, लाइन बाहेर, आणि औषध ॲम्फोटेरिसिन किंवा ॲझोल.

जात ओळखून घेतल्याशिवाय थांबू नका. क्रुसीवर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही, ग्लॅब्राटावर बेभरवशाचं असतं, लुसिटॅनीवर ॲम्फोटेरिसिन दगा देऊ शकतं. कॅन्डिडा ऑरिसला जुन्या पद्धतीची यंत्रं 'हिम्युलोनी' म्हणून ओळखतात, तेव्हा तसा रिपोर्ट आला की माल्डी-टॉफवर (जंतूची जात अचूक ओळखणाऱ्या यंत्रावर) खात्री करून घ्यावी. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने जी बुरशींची यादी काढली तिच्यात ऑरिस सर्वांत वरच्या गटात आहे. तो सापडला की मुलाला वेगळ्या खोलीत हलवणं आणि पृष्ठभाग क्लोरीनच्या द्रावणाने पुसणं हेही उपचाराइतकंच तातडीचं असतं, कारण नेहमीची क्वाटर्नरी अमोनियमवाली जंतुनाशकं त्याच्यावर अपुरी पडतात.

लाइन काढणं

नवजात बाळात प्रश्नच नाही, लाइन काढायची. मोठ्या मुलात न्यूट्रोफिल्स (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ठीक असतील आणि संसर्गाचा उगम लाइन असावी असं वाटत असेल, तर शक्य तितक्या लवकर काढायची. बीपी पडलंय, पोर्टच्या (कातडीखाली बसवलेल्या डबीच्या) खिशात पू आहे, बोगद्याच्या (नळी कातडीखालून जाते त्या) मार्गावर लाली आणि दुखरेपणा आहे, टोकाशी गुठळी आहे, यातलं काहीही असलं तर चर्चेत वेळ घालवू नका.

केमोथेरपीत न्यूट्रोफिल्स खाली गेलेल्या मुलात चित्र थोडं वेगळं असतं. तिथे बुरशी बऱ्याचदा आतड्याच्या सोललेल्या अस्तरातून रक्तात येते आणि लाइन नंतर बाधित होते. अशा मुलात प्रत्येक वेळी स्वतंत्र विचार करावा लागतो. तरीही पॅराप्सिलोसिस निघाला किंवा योग्य औषध देऊनही दोन-तीन दिवसांत कल्चर निगेटिव्ह झालं नाही, तर माझं मत लाइन काढण्याकडेच झुकतं.

साधी, बोगदा नसलेली लाइन वॉर्डात काढता येते, पण घाईघाईत नाही. मुलाला आडवं झोपवून डोक्याकडची बाजू किंचित खाली करा. समजण्याच्या वयाचं मूल असेल तर श्वास सोडून धरायला सांगा आणि त्याच वेळी नळी ओढा, लहान असेल तर उच्छ्वासाची वेळ साधा. हे सगळं हवेचा बुडबुडा शिरेत ओढला जाऊ नये म्हणून. लगेच दाबून धरा, रक्त थांबेपर्यंत, निदान पाच मिनिटं. प्लेटलेट कमी असतील तर काढण्याआधीच चढवून घ्या. मग हवाबंद ड्रेसिंग लावा आणि ते दिवसभर तसंच ठेवा. काढलेली नळी टाकून देण्याआधी तिची लांबी नोंदीशी ताडून बघा, टोक अखंड आहे ना ते पाहा. टोकाचं कल्चर पाठवायचं असेल तर शेवटचे ५ सेंटिमीटर निर्जंतुक, कोरड्या डबीत पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये पाठवलेलं टोक वाया जातं, आणि हे अजूनही होतं.

हिकमन किंवा ब्रोव्हियॅक या बोगद्याच्या लाइनला कातडीखाली कफ (नळीभोवतीचा पट्टा) असतो. दोन-तीन आठवड्यांत तो ऊतींना धरतो, त्यामुळे ती काढायला शस्त्रक्रियागृह लागतं. केमोपोर्टचंही तसंच. सर्जनना कॉल देताना 'लाइन काढायची आहे' एवढंच सांगू नका. 'कॅन्डिडीमिया (रक्तात कॅन्डिडा) आहे, आज काढायची आहे' असं सांगा, म्हणजे केस उद्याच्या यादीत शेवटी जाणार नाही. पिकलाइन (दंडातल्या शिरेतून आत नेलेली लांब नळी) ओढताना अडली तर जोर लावू नका. शिरेला आकडी आलेली असते, दंडावर कोमट शेक द्या आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

जुन्या लाइनमधून गाइडवायर घालून त्याच जागी नवी लाइन बसवणं हा पळवाटेचा मार्ग आहे. तारेबरोबर बुरशी नव्या नळीवर चढते. नवी लाइन वेगळ्या शिरेत आणि कल्चर निगेटिव्ह आल्याचं कळल्यानंतरच. मधले दोन-तीन दिवस बाहेरच्या शिरेवर काढायचे असतात, आणि त्याची आखणी लाइन काढण्याआधी व्हायला हवी. बाहेरच्या शिरेतून ग्लुकोज १२.५ टक्क्यांच्या वर देता येत नाही आणि पोटॅशियम लिटरला ४० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नेता येत नाही. ॲम्फोटेरिसिन मात्र नेमकं पोटॅशियमच खाली आणतं. तेव्हा लाइन असतानाच पोटॅशियम आणि मॅग्नेशियम चांगल्या पातळीवर आणून ठेवणं शहाणपणाचं.

आई-बाबांना हे सगळं जड जातं. लाइन काढली म्हणजे केमो थांबली, असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी आडवळणाने बोलू नये. 'ताई, या नळीतून बाळाला औषध मिळतं हे खरं, पण आता बुरशी नळीलाच धरून बसली आहे. औषध देत राहिलो तरी नळीतून ती पुन्हा पुन्हा रक्तात उतरेल. नळी आज काढू, काही दिवस हातावरच्या सलाइनवर चालवू, रक्त साफ झालं की नवी बसवू.' एवढं सरळ सांगितलं की बहुतेक पालक तयार होतात.

औषध

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही, हे अँटिफंगलच्या डोसात फार ठळकपणे दिसतं. मुलांचं शरीर फ्लुकोनाझोल मोठ्यांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने बाहेर टाकतं. मोठ्यांचा दर किलोला ६ मिग्रॅचा हिशेब मुलाला लावला तर डोस निम्मा पडतो. मुलांत दिवसाला दर किलो १२ मिग्रॅ लागतात. नवजात बाळात औषध शरीरभर जास्त पसरतं, त्यामुळे सुरुवातीला दर किलो २५ मिग्रॅचा एक लोडिंग डोस द्यायचा आणि मग १२.

नवजात अवस्था ओलांडलेल्या मुलात सुरुवात इकायनोकँडिनने करावी. कॅस्पोफंजिन वजनावर नाही, शरीराच्या पृष्ठफळावर द्यायचं असतं, आणि इथेच चुका होतात. पहिल्या दिवशी दर चौरस मीटरला ७० मिग्रॅ, दुसऱ्या दिवसापासून ५०. हिशेब काहीही येवो, दिवसाला ७० मिग्रॅच्या वर नाही. १२ किलो वजनाचं, ८६ सेंटिमीटर उंचीचं मूल धरा. उंची आणि वजनाचा गुणाकार भागिले ३६०० आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.५३५ चौरस मीटर. पहिला डोस सुमारे ३७ मिग्रॅ, पुढचे सुमारे २७ मिग्रॅ. अंतिम द्रावण मिलीला ०.५ मिग्रॅपेक्षा दाट नको, म्हणजे पहिल्या डोसाला किमान ७५ मिली लागतात आणि ते तासाभरात द्यायचे. द्रव मोजून देत असलेल्या मुलात हे ७५ मिली दिवसाच्या हिशेबात धरा. कॅस्पोफंजिन नॉर्मल सलाइनमध्ये चालतं, डेक्स्ट्रोजमध्ये अजिबात नाही. रिफॅम्पिसिन किंवा फेनिटोइन चालू असेल तर रोजचा डोस ७० मिग्रॅ दर चौरस मीटरवरच ठेवावा लागतो.

मायकाफंजिन मोठ्या बाळांत आणि मुलांत दर किलो २ मिग्रॅ, जास्तीत जास्त १००. नवजात बाळाचं शरीर ते इतक्या वेगाने बाहेर टाकतं की ४ ते १० मिग्रॅपर्यंत जावं लागतं, आणि मेंदूपर्यंत पोहोचवायचं असेल तर वरच्या टोकाचा डोस. विरघळवताना कुपी हलवू नका, फेस होतो, नुसती फिरवा. इकायनोकँडिन लघवीत, डोळ्याच्या आत आणि मेंदूच्या पाण्यात नीट पोहोचत नाहीत, हे मात्र सतत ध्यानात असू द्या. संसर्ग तिथे असेल तर औषध बदलावं लागतं.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी, कारण तिथे रक्तातला कॅन्डिडा मेंदूत गेलेला नाही असं धरून चालताच येत नाही. बाळ स्थिर होताच लंबर पंक्चर आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी, दोन्ही करायची. औषध म्हणजे साधं ॲम्फोटेरिसिन डिऑक्सीकोलेट, दिवसाला दर किलो १ मिग्रॅ. बाळाला आधी प्रतिबंधक फ्लुकोनाझोल चालू नसेल तर फ्लुकोनाझोल हा दुसरा पर्याय. लायपोसोमल लघवीच्या मार्गात कमी पोहोचतं, म्हणून मूत्रपिंडात बुरशीचा गोळा असण्याची शक्यता असेल तर डिऑक्सीकोलेटच बरं.

आता या दोन ॲम्फोटेरिसिनबद्दल, कारण या गोंधळात जीव जाऊ शकतो. लायपोसोमलचा डोस दर किलो ३ ते ५ मिग्रॅ असतो. तोच आकडा डोक्यात ठेवून डिऑक्सीकोलेट भरलं तर हृदय आणि श्वास थांबू शकतो. डिऑक्सीकोलेट दिवसाला दर किलो १.५ मिग्रॅच्या वर कधीच जात नाही. ऑर्डरवर 'ॲम्फो' किंवा 'ॲम्फो बी' लिहू नका. पूर्ण नाव, कुठला प्रकार, दर किलो किती आणि एकूण किती मिग्रॅ, चारही गोष्टी लिहा. कुपी फोडण्याआधी दोघांनी लेबल मोठ्याने वाचावं.

लायपोसोमल तयार करताना ५० मिग्रॅच्या कुपीत १२ मिली निर्जंतुक पाणी घाला. सलाइन नाही, फक्त पाणी. लगेच अर्धा मिनिट जोरात हलवा. पिवळसर, एकसारखं दुधाळ द्रावण व्हायला हवं, गाठी दिसल्या तर आणखी हलवा. आता मिलीला ४ मिग्रॅ आहे. आपल्या १२ किलोच्या मुलाला दर किलो ३ मिग्रॅप्रमाणे ३६ मिग्रॅ, म्हणजे ९ मिली सिरिंजमध्ये ओढा. मग कुपीबरोबर आलेला ५ मायक्रॉनचा फिल्टर सिरिंजला लावा आणि त्यातून २७ मिली पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडा. एकूण ३६ मिली, मिलीला १ मिग्रॅ. पंप ताशी १८ मिलीवर, दोन तास. लाइन आधी आणि नंतर डेक्स्ट्रोजने फ्लश करा; सवयीने सलाइनचा फ्लश मारला की नळीत साका धरतो. थ्री-वेवर (तीन तोंडांच्या जोडावर) शेजारी दुसरं काही चालू असेल तर तेवढा वेळ बंद. इन-लाइन फिल्टर असेल तर तो १ मायक्रॉनपेक्षा बारीक नसावा, नाहीतर औषध फिल्टरवरच अडकतं आणि मुलापर्यंत पोहोचतच नाही. पहिली पाच-दहा मिनिटं खाटेपाशी उभं राहा: छातीत दुखणं, धाप, कंबरेत कळ, चेहरा लाल होणं हे बहुधा तेव्हाच दिसतं. पंप थांबवा, अँटिहिस्टामिन द्या, आणि सगळं निवल्यावर सावकाश सुरू करा.

डिऑक्सीकोलेटच्या वेळी थंडी वाजून ताप येणं नेहमीचं. बाळाला द्रव झेपत असेल तर आधी दर किलो १० ते २० मिली नॉर्मल सलाइन दिल्याने मूत्रपिंडावरचा मार कमी होतो, फक्त त्यानंतर नळी डेक्स्ट्रोजने धुवायला विसरू नका. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम सुरुवातीला रोज बघा.

कल्चर निगेटिव्ह झालं, मूल स्थिर आहे, जात फ्लुकोनाझोलला दाद देणारी आहे आणि पाच-सात दिवस झालेत, तर फ्लुकोनाझोलवर आणता येतं. आतडं नीट चालत असेल तर तोंडाने दिलेलं ९० टक्क्यांहून जास्त शोषलं जातं.

दिवस मोजणं

चौदा दिवस कुठून मोजायचे, यात सर्रास घोळ होतो. औषध सुरू झाल्यापासून नाही, लाइन काढल्यापासूनही नाही. पहिलं निगेटिव्ह कल्चर ज्या दिवशी घेतलं तो पहिला दिवस. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट आल्यापासून रोज किंवा दिवसाआड कल्चर घ्यावं लागतं. मध्येच चार दिवस कल्चर घेतलंच नाही तर गणती कुठून सुरू करायची हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मुलाला जास्तीचं औषध किंवा अर्धवट उपचार, यापैकी एक भोगावं लागतं. केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात ही तारीख ठळक लिहा. चौदा दिवस पुरतात ते बुरशी कुठे जाऊन बसलेली नाही आणि लक्षणं गेली आहेत, तरच. न्यूट्रोफिल्स खाली असलेल्या मुलात ते वर येईपर्यंतही थांबायचं असतं.

डोळे पहिल्या आठवड्यात, बाहुली मोठी करून, नेत्रतज्ज्ञांकडून. न्यूट्रोफिल्स नसतील तर पडद्यावर डाग उमटत नाहीत, तेव्हा ते वर आल्यावर तपासणी करा किंवा पुन्हा करा. लहान मूल 'दिसत नाही' असं सांगत नाही, ही एक गोष्ट या तपासणीला कधीच न टाळण्यासाठी पुरेशी आहे.

लाइन काढली, डोस बरोबर आहे, तरी तीन-चार दिवसांनी कल्चर पॉझिटिव्हच आहे: याचा अर्थ औषध बदला असा लगेच नसतो, तर शोधा असा असतो. जिथे लाइन होती त्या शिरेचा डॉप्लर, टोक जिथे होतं तिथल्या गुठळीसाठी आणि झडपांसाठी इको, मूत्रपिंड, यकृत, प्लीहा यांची सोनोग्राफी. शिरेत बाधित गुठळी असेल तर रक्त साफ झाल्यावर किमान दोन आठवडे, आणि व्यवहारात गुठळी विरल्याचं दिसेपर्यंत. झडपेवर असेल तर सहा आठवडे किंवा जास्त, आणि हृदयशस्त्रक्रिया तज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत हवेत. ल्युकेमियाच्या मुलात न्यूट्रोफिल्स वर येताना पुन्हा ताप चढला आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं, तर यकृत-प्लीहेतल्या कॅन्डिडाचा विचार करा. त्याचे उपचार महिनोन्महिने चालतात.

लाइन काढताच येत नाही तेव्हा

आतडं निकामी झालेलं, आयुष्य टीपीएनवर असलेलं, आणि एकच शीर उरलेलं मूल. इथे लाइन वाचवण्याचा प्रयत्न समजण्यासारखा आहे, पण अटी आधी ठरवून: मूल स्थिर हवं, बोगदा आणि खिसा स्वच्छ हवा, गुठळी नको, आणि योग्य औषध सुरू झाल्यापासून ७२ तासांत कल्चर निगेटिव्ह झालं नाही तर लाइन जाणार, हे पालकांसकट सगळ्यांना माहीत हवं.

अशा वेळी बायोफिल्मवर चालणारं औषध शिरेतून पूर्ण डोसात द्यायचं, ल्यूमेन आळीपाळीने वापरून, आणि जोडीला लॉक (नळीतच भरून ठेवायचं औषधी द्रावण). एकटं लॉक कधीच पुरत नाही, कारण ते नळीच्या बाहेरच्या बाजूला पोहोचत नाही. लॉकचं प्रमाण ल्यूमेनच्या आकारमानाएवढंच. ते नळीच्या कागदपत्रांत दिलेलं असतं आणि लहान नळ्यांत एक मिलीहून कमी असतं. जास्त भरलं तर ते सरळ रक्तात जातं. रोज निदान काही तास तसंच राहू द्यायचं, आणि वापरण्याआधी मागे ओढून काढायचं, पुढे ढकलायचं नाही.

७० टक्के इथेनॉलचं लॉक सिलिकॉनच्या नळीतच वापरा, पॉलियुरेथेन त्याने कमकुवत होऊन तडकू शकतं. नळीत हेपॅरिन राहिलं असेल तर इथेनॉलबरोबर साका होतो आणि वाचवायला घेतलेली लाइनच बंद पडते, म्हणून आधी सलाइनने चांगली धुवा. ॲम्फोटेरिसिनचं लॉक असेल तर उलट, सलाइन अजिबात नको, डेक्स्ट्रोजने धुवा.

पुन्हा लागू नये म्हणून

हब (नळीचं बाहेरचं तोंड) वापरण्याआधी अल्कोहोल किंवा क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने निदान १५ सेकंद घासणं आणि सुकू देणं. सुकण्याआधी सिरिंज लावली तर घासण्याचा अर्धा उपयोग वाया. लिपिडचा सेट २४ तासांत बदलणं. टीपीएनसाठी ठेवलेल्या ल्यूमेनमधून रक्त न काढणं. साध्या सेंट्रल लाइनच्या तोंडाशी अँटिबायोटिक मलम लावण्याची जुनी सवय सोडून द्यावी, त्याने बॅक्टेरिया हटतात आणि बुरशीला मोकळी जागा मिळते. आणि राउंडवर रोज एक प्रश्न: ही लाइन आज लागते का? ज्या एनआयसीयूत कॅन्डिडाचं प्रमाण खूप जास्त आहे, तिथे एक किलोखालच्या बाळांना आठवड्यातून दोनदा दर किलो ३ ते ६ मिग्रॅ फ्लुकोनाझोल सहा आठवडे देतात. जिथे प्रमाण कमी आहे तिथे मात्र सरसकट देऊन प्रतिकारक जाती पोसू नयेत.

घरी सोडताना मूल फ्लुकोनाझोलवर असेल आणि ल्युकेमियाचा उपचार चालू असेल, तर पुढची व्हिन्क्रिस्टिन कधी आहे ते बघा. ॲझोल औषधांमुळे व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचते आणि नसांवर मार बसतो: पायातली ताकद जाते, पोट फुगून आतडं थंडावतं, फिट्सही येऊ शकतात. व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, इट्राकोनाझोल यांच्याबरोबर हे जास्त, फ्लुकोनाझोलबरोबर कमी, पण होतं. तारखा जुळत असतील तर फ्लुकोनाझोलवर न आणता मायकाफंजिनवरच कोर्स पुरा करण्याचा विचार व्हावा. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असेल तर त्यांची पातळी वाढते, डोस कमी करून पुन्हा मोजावा लागतो. डिस्चार्ज कार्डावर बुरशीची जात, पहिल्या निगेटिव्ह कल्चरची तारीख, औषध थांबवण्याची तारीख, डोळ्यांची पुढची तपासणी आणि व्हिन्क्रिस्टिनबद्दलचा इशारा, हे पाचही लिहा. केमोचा पुढचा डोस वेगळ्या डॉक्टरांच्या हातून जाणार असतो आणि त्यांच्यासमोर फक्त ते कार्ड असतं.